अण्णांना पक्कं करताना

घरात रसायनशास्त्र शिकवणारं माणूस असलं की घरातली प्रत्येक बाटली त्याच्या गळ्यात पडते. झुरळांना कुठलं औषध मारायचं, फरशीला ॲसिड किती, गीझरचा वास येतोय की नुसता भास होतोय, हे सगळं माझ्या खात्यात. मी बेंगळुरूतल्या एका शाळेत आठवी ते दहावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यात झुरळांचा धडा नाही, हे सांगून काही उपयोग होत नाही. त्यामुळे अक्कानं काढलेलं अण्णांचं चित्र झडायला लागलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

अक्का म्हणजे माझी आई आणि अण्णा म्हणजे वडील. कन्नडात याचा अर्थ थोरली बहीण आणि थोरला भाऊ असा होतो, पण आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. आमचे पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. आता जे. पी. नगरात घर, घरात मराठी, गेटबाहेर कन्नड आणि रागावल्यावर दोन्ही. मी लग्न केलं नाही, म्हणून आईवडिलांजवळ राहिले. थोरला भाऊ बेळ्ळंदूरला, तलावाकाठच्या उंच इमारतीत. तिथून आमच्याकडे यायला म्हैसूरला जाण्याइतका वेळ लागतो, असं तो म्हणतो. यायचं नसलं की आणखी जास्त लागतो.

आता ते चित्र. अक्का आयुष्यभर दारात रांगोळी काढत आली. म्हातारपणी तिच्या डोळ्यांचा पडदा खराब व्हायला लागला. नजरेच्या मधोमध एक धूसर डाग असतो, कडेचं तेवढं दिसतं. रांगोळीचे ठिपके चुकायला लागले तेव्हा ती फार चिडली, आणि चिडून पार्कातल्या ज्येष्ठांच्या चित्रकलेच्या वर्गात जाऊन बसली. तिथल्या मास्तरणीबाईंनी तिच्या हातात कोळशाची कांडी दिली. जाड काळी रेघ तिला दिसायची. मग काय विचारता! घरात वांगी आली की आधी त्यांचं चित्र व्हायचं, मग भरीत.

त्याच दिवसांत तिनं अण्णांना काढलं. अण्णा पूजा आटपून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. शेवटचं वर्ष होतं ते त्यांचं, आम्हाला ठाऊक नव्हतं इतकंच. "नाक एवढं मोठं नाही माझं," असं दोनदा म्हणाले आणि बसल्या बसल्या झोपले. झोपले म्हणून चित्र झालं. एरवी अण्णा कॅमेरा दिसला की श्वास रोखून, छाती फुगवून, एक्स-रे काढायला उभं राहिल्यासारखे उभे राहत. आमच्याकडे त्यांचे ढीगभर फोटो आहेत आणि एकातही अण्णा नाहीत. चित्रात मात्र ते होते. किंचित उघडं तोंड, खाली ओघळलेल्या मिशा, आणि कपाळावर तो अंगारा.

अंगाऱ्याबद्दल सांगायला हवं. महाराष्ट्रात अंगारा म्हणजे राख, उदी. आमच्या घराण्यात तो काळा असतो. देवापुढच्या धुपातला कोळसा साणेवर उगाळायचा आणि पूजा झाली की पुरुषांनी कपाळावर भुवयांच्या मधून वर एक उभी रेघ ओढायची, खाली लाल गंधाचा ठिपका, त्याला आम्ही अक्षता म्हणतो. वहिनी पुण्याची. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं पर्समधून ओला टिश्यू काढून अण्णांपुढे धरला होता, "बाबा, तुमच्या फोरहेडला ग्रीस लागलंय." अण्णांनी तो घेऊन चष्मा पुसला. लग्न टिकलं, यात अण्णांचा वाटा मोठा आहे.

शेवटी शेवटी त्यांचा हात कापायचा. रेघ नाकावर उतरायची, एकदा तर भुवईवरून कानाकडे निघाली. मग अक्काच लावायला लागली. एका हातानं हनुवटी धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटानं रेघ ओढायची. अण्णा डोळे मिटून शाळकरी पोरासारखे मान वर करून बसत. तिला नीट दिसत नव्हतं आणि त्यांचा हात स्थिर नव्हता, पण दोघांची मिळून रेघ सरळ यायची.

अण्णा गेले, आणि वर्षभरात अक्काची नजर आणखी खाली गेली. आता तिला कोळशाची जाड रेघसुद्धा दिसेना. वर्ग सुटला. म्हणजे अण्णांचं ते चित्र एकच, आणि दुसरं होणं शक्य नाही. आणि ते झडत होतं. कोळसा कागदावर नुसता बसलेला असतो, चिकटलेला नसतो. पंखा लावला की थोडा उडतो, कामवालीचा झटका लागला की थोडा जातो. देवघराच्या दाराशी, अक्काच्या छातीच्या उंचीवर, चिमट्यांनी फळीला अडकवलेलं चित्र. खालच्या जमिनीवर रोज दुपारी काळी बारीक पूड. मी ती पुसायचे, म्हणजे अण्णांची हनुवटीच पुसायचे. हनुवटी खरंच फिकट झाली होती. कानाची पाळी गेली होती. अंगाऱ्याची रेघ तेवढी काळीभोर. अक्कानं तिथं दाबून काढलं असेल, असं आम्ही धरून चाललो.

शहाणं कुटुंब असतं तर काच लावून मोकळं झालं असतं. मी तेच म्हटलं. अक्का म्हणाली, "काच नको."

"का गं?"

"नको म्हटलं ना. कशाला ते."

आम्ही समजलो की काचेवर उजेड चमकतो, तिच्या डोळ्यांना त्रास होतो. पटण्यासारखं होतं. हॉलमध्ये आजोबा-पणजोबांचे काचेतले फोटो आहेत, त्यांच्या काचेवर ती अजूनही अंदाजानं रोज गंधाचा ठिपका लावते, कधी पणजोबांच्या पगडीला लागतो, कधी मिशीला. त्यांच्या शेजारी अण्णांचा छाती फुगवलेला फोटो भावानं तेराव्या दिवशी टांगला. त्याला गंध लावायचं काम अक्कानं पहिल्या दिवसापासून माझ्याकडे दिलं. "उंचावर आहे ते," म्हणाली. पणजोबा त्याहून वर आहेत. पण म्हाताऱ्या माणसाशी उंचीवरून कोण वाद घालणार!

तर काच नाही. म्हणजे फवारा. चित्रांवर मारायचा फवारा मिळतो, त्यानं कोळसा कागदाला धरून राहतो, एवढं मला माहीत होतं. कुठला मारायचा हे मात्र आमच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकाला वेगळं.

वहिनीनं हेअरस्प्रे सुचवला. "अगं, कॉलेजला आम्ही सगळे तोच वापरायचो, टोटली सेम." पार्कातल्या मास्तरणीबाईंनी फोनवर पातळ तांदळाची पेज सांगितली, वस्त्रगाळ करून, तोंडानं फुंकायच्या नळीतून. शेजारच्या कन्नड मावशी कुंपणावरून म्हणाल्या की त्याला काही नको, स्वल्प दूध शिंपडा, पूर्वी तसंच करायचे. भावानं काही सुचवलं नाही. तो म्हणाला, "मी रिसर्च करतो." हे आमच्या घरातलं सर्वांत भयंकर वाक्य आहे. फ्रिज घेताना त्यानं रिसर्च केला होता, तो होईपर्यंत आम्ही दोन उन्हाळे माठातलं पाणी प्यायलो.

मी मात्र प्रयोगशाळेत वाढलेली. म्हटलं, आधी वांग्यांवर करून बघू. अक्काची वांगी रग्गड शिल्लक होती. गच्चीवर कागद मांडले आणि एकेका वांग्याला एकेक उपाय दिला. हेअरस्प्रेचं वांगं पहिल्या दिवशी झकास दिसलं, लग्नाला निघाल्यासारखं वासही मारत होतं. उन्हात ठेवल्यावर पिवळट पडलं आणि चिकट इतकं, की त्याच्यावर एक डास येऊन कायमचा राहिला. पेजेच्या वांग्यावर थेंब मोठे पडले, देवी आल्यासारखे वण उठले. शिवाय पेज म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. दुधाचं त्यातल्या त्यात बरं होतं, खरं सांगते, दुधात धरून ठेवणारा पदार्थ असतोच. पण दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या आणि देठाकडून खायला सुरुवात केली. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "अय्यो, साय काढायची असते हो!"

शेवटी भावाचा रिसर्च संपला आणि आम्ही दोघं चित्रसामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर दोन डबे ठेवले. दोन्ही सारखेच, झाकणांचा रंग तेवढा वेगळा. मी कन्नडात विचारलं, फरक काय? त्यानं समजावलं. हा मारला की कोळसा धरून राहतो, पण कागद थोडा खरखरीत राहतो, त्यावर पुन्हा काम करता येतं, पुन्हा कोळसा लागतो. हा दुसरा मात्र शेवटचा. काम पूर्ण झालं की मारायचा. वर गुळगुळीत थर बसतो, ऊन, दमट हवा, हात, कशाचंच भय नाही. त्यावर मग काही लागत नाही.

"शेवटचाच दे," भाऊ म्हणाला.

मी म्हटलं, "थांब रे. पहिलाही पुरेल की. धरून तर ठेवतोच आहे."

"पुरेल का म्हणून? पक्कं करायचं तर पक्कं करू. त्यावर पुन्हा काम कोण करणार आहे? अक्काला दिसत नाही. तू काढणार? तू बेडूक काढलास तर मुलं चंबू म्हणतात."

हे खरं होतं. तरी मी हट्टानं घरी फोन लावला. म्हटलं, जिनं काढलंय तिला विचारू. "अक्का, अण्णांच्या चित्रात तुला अजून काही काढायचं राहिलंय का?"

"काढायचं काय? झालंय की ते केव्हाच."

"म्हणजे आता त्यावर काही करायचं नाही ना?"

"मला काय दिसतंय करायला? वांगी आण येताना."

झालं. भावानं विजयी चेहऱ्यानं शेवटचा डबा उचलला. दुकानदार म्हणाला, "सरी," म्हणजे ठीक आहे.

रविवारी समारंभच झाला. भाऊ, वहिनी सकाळीच आले, रस्ता मोकळा मिळाला म्हणून दोघं खूश. ऊन स्वच्छ पडलं होतं, हवेत दमटपणा नव्हता. तो असला तर थर पांढुरका पडतो, हे मी वाचलं होतं. अक्का वर आली नाही. "मला तो वास नको," म्हणाली आणि वांगी चिरत बसली. आम्ही गच्चीच्या भिंतीला फळी टेकवून उभी केली. करोनातले उरलेले मास्क निघाले. भाऊ मोबाइलवरून सूचना वाचत होता आणि डबा माझ्या हातात, कारण बाटली म्हटली की मी.

मी डबा भरपूर हलवला. पहिला फवारा चित्राबाहेर, हवेत सोडला, कारण पहिल्या दाबात मोठे थेंब येतात. मग हातभर अंतरावरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न थांबता. मध्ये थांबलं की तिथं ओल साचते आणि कोळसा वाहतो. "जवळ चाललीस! जवळ चाललीस!" भाऊ ओरडला. मी म्हटलं, "तू ये नाहीतर." तो आला नाही. एक पातळ हात, वाळू दिला. पुन्हा एक पातळ हात. चित्र जरासं गडद झालं, गेलेली हनुवटी काही परत आली नाही, पण राहिलेली ठसठशीत दिसायला लागली. अण्णा झोपले होते आणि आता त्यांना कुणी उठवू शकणार नव्हतं. मला खरंच फार आनंद झाला. मास्कच्या आत मी रडले, आणि वहिनीला वाटलं डोळ्यांत फवारा गेला.

वाळल्यावर भावानं पांढरा रुमाल काढून अण्णांच्या गालावरून खसाखसा फिरवला. माझा जीव खालीवर. रुमाल शुभ्र! त्यानं तो जादूगारासारखा चारी बाजूंनी दाखवला. खाली आणून आम्ही चित्र पुन्हा अक्काच्या उंचीवर अडकवलं, तिचा हात धरून कागदावर ठेवला. तिनं बोट फिरवलं, मग नाकाशी नेऊन हुंगलं, मग खिडकीकडे धरून डोळ्याच्या कडेनं पाहिलं.

"नाही येत गं हाताला काही," म्हणाली.

"बघ! पक्कं काम," भाऊ म्हणाला. भरीत फार छान झालं होतं. ते जेवून दोघं गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. एरवी मी सकाळी साडेसातला घराबाहेर असते, अक्काची पूजा त्यानंतर होते, आणि रविवारी मी उठायच्या आत. त्या दिवशी जाग लवकर आली, मी कॉफी घेऊन निवांत आले तर अक्का देवघराच्या दाराशी उभी. नहाण झालेलं, केस ओले. देवापुढे धूप विझलेला. डावा हात अण्णांच्या हनुवटीखाली, कागदावर, आणि उजव्या हाताचं बोट कपाळावर. बोट काळं. ती रेघ ओढत होती आणि कोळसा घसरून खाली पडत होता. तिनं पुन्हा धुपातल्या कोळशावर कोरडंच बोट घासलं, पुन्हा ओढलं. दाबून. पुन्हा पूड घसरून तिच्या पदरावर. कपाळ तसंच गुळगुळीत.

मला कळायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. ती काळीभोर रेघ. रोज, मी शाळेत गेल्यावर. जमिनीवरची पूडसुद्धा सगळी अण्णांची नव्हती, निम्मी त्यांच्या अंगाऱ्याची होती आणि मी दुपारी येऊन ती पुसून हळहळत होते.

"अक्का," मी म्हटलं, "काय करतेस?"

"अंगारा लावतेय यांना. दुसरं काय?" तिचा आवाज वैतागलेला होता, पीठ मळताना पाणी जास्त झालं तर येतो तसा. "घेईनात आज. कालपर्यंत घेत होते."

"अगं, पण मी तुला विचारलं होतं ना फोनवर? यावर आता काही करायचंय का म्हणून?"

"तू चित्राचं विचारलंस," अक्का म्हणाली.

मी त्याच क्षणी भावाला फोन लावला. माझा तोल गेला होता, आधी मी त्यालाच फैलावर घेतलं, रिसर्च, पक्कं काम, शुभ्र रुमाल, सगळं काढलं. तो गाडीत होता, माझा फोन स्पीकरवर. बिचारा घाबरला. थर काढता येईल का? मी म्हटलं, कोळशासकट निघेल. वर घासून खरखरीत करता येईल का? मी म्हटलं, कशावर घासू, अण्णांच्या कपाळावर? मग त्याला एकदम सुचलं. आमच्या घरात सुचणं त्याच्याकडे आहे.

"अरे, सोपं आहे! आता झडायची भीती नाही ना? मग वरून काच लावू. काचेवर लावू दे तिला रोज. हॉलमधल्या फोटोंना लावतोच की आपण, पणजोबांना, आजोबांना. तसंच."

अक्काला सगळं ऐकू येत होतं. तिनं पदरावरची पूड झटकली.

"काचेवर गेलेल्यांना लावतात," ती म्हणाली.

फोनमधून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. माझ्या हातातली कॉफी निवत होती आणि मला ती खाली ठेवायचंही सुचत नव्हतं. मला वाटलं होतं मी माझ्या बापाला वाचवलं. काल गच्चीवर, ऊन बघून, हवा बघून, हातभर अंतरावरून, मीच.

अक्कानं न्हाणीघरात जाऊन बोट साबणानं धुतलं. पदराला हात पुसत परत आली आणि चित्राकडे न बघता म्हणाली, "लावा आता काच."

"अक्का, नको. मी काहीतरी बघते, दुकानात विचारते..."

"लावा म्हटलं ना. पक्कं केलंत, आता तसंच कशाला ठेवायचं? धूळ बसते."

काच लावून आणली. चौकटही बरी मिळाली, सागवानी. भावानं खिळा मारायला ड्रिल आणलं आणि विचारलं, हॉलमध्ये लावू का सगळ्यांच्या ओळीत? मी म्हटलं, जिथं होतं तिथंच राहू दे, देवघराच्या दाराशी, तिच्या हाताच्या उंचीवर. तिथंच लावलं. संध्याकाळी अक्का दिवा लावायला आली, दारात क्षणभर थांबली, काचेवर तळवा ठेवला आणि काढून घेतला.

मग मला हाक मारून म्हणाली, "उद्यापासून यालाही गंध तूच लाव गं. उंचावर आहे ते."